तळाला शिक्का नसलेला डबा

आमचा मष्णूअण्णा गेला त्या दिवशी सकाळी आंबील पिऊन दुकानात जाऊन बसलता. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, हितं शहापुरात, सराफांच्या दुकानांमागं. मी आत जोंधळं निवडत हुते. लई वेळ हातोडीचा आवाज न्हाय म्हणून बाहेर येऊन बघितलं, तर अण्णा भिंतीला टेकून बसलेला, मांडीवर डबा, डोळं उघडंच. डॉक्टर म्हणाला हार्ट. वैनी म्हणती जन्मभर कोळशाचा धूर गिळला त्येनं, दुसरं काय हुणार. काय असंल ते असंल, माणूस गेला.

मी त्येची धाकटी बहीण जया. माझा मालक लौकर गेला तवापासनं मी अण्णाकडंच हाय. चंपावैनीनं मला कवा परकं केलं न्हाय. स्वैपाक ती, भाकरी मी, आणि दुपारी दुकानात अण्णाच्या हाताखाली मी. राळ तापवायची, फुकणी फुकायची, रिठ्याच्या पाण्यात चांदी घासायची. छिन्नी हातात घेतली न्हाय कवा. घेऊ नको असं कोण म्हटलं न्हाय, मलाच भ्या वाटायचं.

आमचा बा मूळचा कडोलीचा. चांदीचं देव आणि टाक करायचा. घरातलं माणूस गेलं की त्येचं रूप चांदीच्या पत्र्यावर उठवून देवघरात ठेवत्यात, त्येला टाक म्हणत्यात. अण्णा बाकडनंच शिकला. आता बाजारात टाक मशीनवर दाबून मिळतंय, सगळ्यांचा आज्जा एकसारखाच. अण्णाकडं कोण आलं तर अण्णा आधी चौकशी करायचा. उंच हुता का, पागोटं कसं बांधायचा, मिशा हुत्या काय. गिऱ्हाईक वैतागायचं, अंगठ्याएवढा तर टाक, त्यात मिशा काय दिसणार. अण्णा म्हणायचा, तुमाला दिसणार न्हाईत, त्येला दिसतील की. एक बाई आली, म्हणाली आमच्या सासऱ्याचा एक डोळा गेलता, तसाच काढा. अण्णा म्हणाला, आता देवघरात बसणार तर दोन्ही डोळ्यांनी बघू दे की बाई सगळ्यास्नी. ती हसली आणि मग तिथंच रडली.

एकदा जांबोटीकडचा परशराम म्हणून एक माणूस आलता. भावाभावांत गावच्या यात्रेच्या मानावरनं भांडण लागलेलं. ज्येच्या घरात जुना देव, त्येचा मान, असं पंचांनी ठरविलेलं. ह्येला चांदीचा देव करून पायजे हुता, पण जुना. धुरावर धरून काळा करा, कोपरा झिजवा, असं म्हणत हुता. अण्णा त्येला चहा पाजला आणि म्हणाला, नवा देव उद्या करून देतो. जुना पायजे असंल तर घरी न्या, पूजा करा, तुमच्या नातवाच्या वेळेला आपोआप जुना हुतोय. परशराम लई बोलला, लई वाईट बोलला. अण्णा त्येच्या चपला सरळ करून दिला तेवढंच.

असा आमचा अण्णा. सादा माणूस. रागीट नव्हता, पण एकदा न्हाय म्हटलं की न्हाय. आणि का न्हाय ते घरात कुणाला सांगायचा न्हाय, ही त्येची वाईट खोड. दुकानातलं बोलणं उंबऱ्याच्या आत आणायचा न्हाय. तेच आमाला नडलं.

निपाणीचे नागेंद्र शेट म्हणून हायत. त्येंच्या घरात पूर्वी तंबाखूची वखार हुती, आता ते जुन्या वस्तू घेत्यात, विकत्यात. पितळी समया, लाकडाचे खांब, कॅम्पातल्या बंगल्यातनं इंग्रज साहेब लोक टाकून गेलेलं सामान. माणूस वाईट न्हाय, हे मी आधीच सांगते. आला की गल्लीतल्या पोरास्नी चॉकलेट वाटणार, वैनीला वैनी म्हणणार, मला आक्का म्हणणार. त्येंनी गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर एक चांदीचा डबा आणला. वीतभर उंच, भोपळ्यागत खाचा पाडलेला, अंगभर पानं आणि मधी मधी पाखरं. त्येला दोन झाकणं. आतलं झाकण चपटं, वास जाऊ नये म्हणून. वरचं गोल टोपीगत, त्येनंच चहापूड मोजून घ्यायची. शेट म्हणाले, साहेबाच्या काळात चहा लई म्हाग, मडमा असल्या डब्यात घालून कपाटात कुलपात ठेवायच्या. ह्यो डबा जोडीतला हाय, एक काळ्या चहाचा, एक हिरव्या चहाचा. एक हरवला. ह्येचा भाऊ करून द्या.

वैनी म्हणाली, बाई, साहेबाच्या चहापूडीला चांदीचं घर आणि आमची बसली प्लास्टिकच्या बरणीत. अण्णा म्हणाला, बरणीतल्या चहाला चव जास्त, कुलूप न्हाय न्हवं.

पयल्यांदा कितीतरी दिवस अण्णानं त्या डब्याला हातोडी लावलीच न्हाय. नुसता मांडीवर घेऊन बसायचा, बोट फिरवायचा, डोळं झाकून फिरवायचा. मग म्हणाला, ह्यो करणारा डावखुरा हुता गं जये. मला काय त्यातलं कळत न्हाय. पानं बघून म्हणाला, चहाचं झाड ह्येनंबी बघितलेलं न्हाय, ही तर कण्हेरीची पानं काढून ठेवलाय. किशननं मोबाईलवर चहाचं झाड काढून दाखविलं. किशन म्हणजे अण्णाचा लेक, उद्यमबागेत फौंड्रीत हाय. मोबाईलवरचं पान वेगळंच निघालं. किशन म्हणाला, आप्पा, मग तू तरी बरोबर काढ. अण्णा म्हणाला, भाऊ करायचाय रं, मास्तर न्हाय. आणि कण्हेरीचीच काढली.

चांदी शेटनीच दिलती. पत्रा तापवायचा, ठोकायचा, परत तापवायचा, न्हायतर फुटतोय. ठोकत ठोकत वाटी झाली, वाटीचा गडू झाला, गडूचा डबा झाला. मग मी राळ पातळ करून आत ओतली. राळ थंड झाली की आतनं दगडागत घट्ट हुती, आणि मग बाहेरनं छिन्नीनं नक्षी उठवायची. राळ नसली तर पयल्याच घावाला डबा चेपणार. पाखराच्या एका पंखाला अण्णा एक सकाळ घ्यायचा. ठक ठक ठक, ठक. मला आत भाकरी थापताना त्या आवाजावरनं कळायचं पान चाललंय का पाखरू.

झाकण बसलं त्या दिवशी अण्णानं आमाला सगळ्यास्नी बाहेर बोलविलं. राळ घालायच्या आधीची गोष्ट ही. झाकण तोंडावर ठेवला आणि हात काढून घेतला. झाकण खाली पडलं न्हाय. आतली हवा बाहेर जाईल तसं तसं आपोआप हळूहळू खाली बसत गेलं, म्हातारं माणूस खुर्चीत बसल्यागत. गल्लीतली बायकापोरं आली बघायला. गुंडू म्हणून आमचा चुलतभाऊ कडोलीस्नं आलता, तो म्हणाला, मष्णू, ह्यात तू जादू घातलीस. अण्णा लाजला. अण्णा लाजला की कानामागं खाजवायचा.

सगळी नक्षी झाल्यावर अण्णा थांबला. डब्यावर फडकं टाकून ठेवला आणि परत टाक करायला लागला. आत राळ तशीच. मी इचारलं कवा हुणार डबा, शेटचे फोन येत्यात. अण्णा म्हणाला, झालाय की. मला वाटलं दमलाय, म्हणून उगाच बोलतोय. राळ काढली न्हाय, घासला न्हाय, जिल्हई न्हाय, आणि झालाय कसा? मी परत इचारलं न्हाय.

मग अण्णा गेला.

दहाव्याला आमी सगळे खानापूरला मलप्रभेच्या घाटावर गेलो. पिंड ठेवला, घास ठेवला. कावळं झाडावर बसलेलं, पण एकबी खाली येईना. भटजी म्हणाले, काहीतरी इच्छा ऱ्हायली असंल, बोला. किशन हात जोडून म्हणाला, आप्पा, आईला मी संभाळतो. कावळा आला न्हाय. गुंडूनं बिडी पेटवून ठेवली, म्हणाला, मष्णू, चोरून वडायचास ते मला ठावं हाय, आता उघड वड. सगळे जरा हसले. तरी आला न्हाय. ऊन चढलं. वैनी वाळूत बसूनच ऱ्हायली.

तवा मी पुढं झाले. माझ्या डोळ्यापुढं त्येच्या मांडीवरचा डबा. मी म्हटलं, अण्णा, तुझा डबा अर्धा ऱ्हाऊ देणार न्हाय. पुरा करून शेटच्या हातात देते. मोडू देणार न्हाय.

आणि कावळा शिवला. मागनं आला आणि घास उचलून नेला.

सगळ्यांनी श्वास सोडला. गुंडूनं माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाला, बहिणीनं वळखलं बघा. येताना गाडीत मला पुढच्या सीटवर बसविलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. अण्णाच्या मनातलं मला कळलं, दुसऱ्या कुणाला न्हाय, असं वाटलं.

बारावा झाला, पाव्हणं गेलं. मग एक दिवस दुपारी नागेंद्र शेट आले. आधी अण्णाच्या फोटोला हार घातला, डोळं पुसले. त्येंचा तो जुना डबा आमच्याकडंच हुता, मी काढून दिला. मग अण्णानं केलेला. शेटनी दोन्ही शेजारी ठेवले, राळ भरलेला जड डबा उलटा केला आणि तळ बघितला. गुळगुळीत, काय न्हाय. मग जुन्याचा तळ दाखविला. तिथं चार बारीक शिक्के. एक सिंव्ह, एक मुंडकं, दोन इंग्लिश अक्षरं.

"आक्का, काम तर झालंय," शेट म्हणाले. "राळ काढा, रिठ्याच्या पाण्यात घाला, आणि खाली हे चार मारा. राळ काढायच्या आधी मारलं तर अजून बरं."

खिशातनं कागदाची पुडी काढली. त्यात चार पोलादी ठसे. मी इचारलं, हे अण्णानं का मारले न्हाईत.

"त्येंचा हट्ट हो. मी दोन वेळा आणून दिलो, दोन्ही वेळा परत दिले. म्हणाले, शेट, ह्यो डबा आत्ताचा हाय आणि मीबी आत्ताचा हाय. त्या साहेबाच्या सोनाराचा शिक्का मी कसा मारू. मी म्हटलं, साहेब कुठं येतोय तक्रार करायला. हसले आणि मला चहा पाजले."

चहा पाजले म्हटल्यावर मला परशराम आठवला. मी खाली बसले. झालाय की, असं अण्णा खरंच म्हणत हुता. त्येच्यापुरता डबा पुरा हुता. राळ काढली की शेट घेऊन जाणार आणि शिक्के मारणार, म्हणून राळ तशी ठेवून फडकं टाकून ठेवलता. आणि मी त्येच्या पिंडापुढं, सगळ्या भावकीपुढं, पुरा करून देते म्हणून बसले.

त्या दिवशी किशनला सुट्टी हुती, तो घरातच हुता. त्येनं सगळं ऐकलं. आला, पुडी उचलली, अण्णाची हातोडी घेतली.

मी म्हटलं, किशन, ठेव ते.

"आत्ती, वचन तू दिलीस. कावळा तुझ्या शब्दावर शिवला. आता फिरलीस तर आप्पा कुठं जाणार? मधीच लटकणार? चार घाव तर हायत."

पोराला पैशाची पडली नव्हती. शेटनं पैशाचं नावबी काढलं नव्हतं. पोराला बापाची काळजी. शेटबी म्हणाले, पोरगं बरोबर बोलतंय आक्का, मेलेल्या माणसाला दिलेला शब्द हाय. शब्द मीच दिलता. अण्णाला नको असलेलं काम करायचा शब्द अण्णालाच दिलता. आता ह्यातनं वाट कुठली?

आमी तिघं बोलत असताना वैनी दारात हुबी हुती. अण्णा गेल्यापासनं तिचा आवाज कुणी धड ऐकला नव्हता.

"किशन," वैनी म्हणाली, "त्येनं दोन वेळा परत दिलेलं तू त्येच्याच हातोडीनं मारणार?"

किशननं हातोडी खाली ठेवली. पण पुडी सोडली न्हाय. म्हणाला, मग आत्ती घाटावर खोटं बोलली म्हणायचं. वैनी म्हणाली, व्हय, तसंच म्हणायचं.

शेट समजुतीनं म्हणाले, असू दे, भांडू नका, तुमी काय मारू नका. डबा असाच द्या. मी बघतो बाहेर कुठं काय करायचं ते. गिऱ्हाईक जोडी म्हणूनच घेणार, सुट्टा नवा डबा मी कुणाला विकू.

बाहेर म्हणजे काय ते आमाला सगळ्यास्नी कळलं. दुसरा कोणबी सोनार चार घाव मारून देणार. मग अण्णाचा डबा कुठल्यातरी बंगल्यात, कुठल्यातरी साहेबाच्या नावावर जाऊन बसणार. ठेवून घ्यावा तर चांदी शेटची, आणि आता चांदीचा भाव आमच्यासारख्यांनी इचारायचा न्हाय असला. मी डब्याकडं बघत बसले. कण्हेरीची पानं, पाखरं. एका पाखराच्या चोचीत अण्णानं बारीक काडी घातलती, जुन्या डब्यात नव्हती ती. मला तवाच दिसली.

मी म्हटलं, "शेट, चांदी तुमची हाय. तुमची चांदी तुमाला मिळंल. घडण आमची हाय, तिचं तुमी अजून काय दिलेलं न्हाय."

शेटला आधी कळलं न्हाय. कळल्यावर हसले. मग माझं तोंड बघून हसायचं थांबले. म्हणाले, आक्का, येडं लागलंय काय, असलं काम ह्या भागात आता कोण करणार न्हाय, ह्ये आटवणार? मी म्हटलं, तर मग शिक्के न मारता ठेवा तुमच्या घरात, मी आत्ता देते. तुमच्या पोराबाळांची शपथ घ्या. शेटनी जुना डबा उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाले, गिऱ्हाईकाला शब्द देऊन बसलोय आक्का, मीबी.

आणि जुना डबा घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसले.

शेगडी मी पेटविली. राळ वितळवून काढली. रिठ्याच्या पाण्यात डबा घातला, घासला. अण्णानं पुरा झालेला डबा बघितलाच नव्हता, आमी बघितला. असला पांढरा, डोळ्याला लागंल असला. वैनीनं झाकण तोंडावर ठेवलं आणि हात काढला. हळूहळू बसलं. पायरीवरनं शेट मान वळवून बघत हुते.

चांदी आटवायच्या मुशीत आख्खा डबा बसत न्हाय, कापायला लागतोय. कातर किशननं आणली आणि माझ्याकडं धरली. म्हणाला, मी न्हाय कापणार, शब्द तुझा हुता. बरोबर हुतं त्येचं. मोडू देणार न्हाय म्हटलेली मीच. पयली कातर मी मारली, तोंडापासनं खाली, एका पाखरातनं. जन्मात पयल्यांदा अण्णाचं हत्यार मी हातात घेतलं ते ह्यासाठी. पुढचं किशननं माझ्या हातातनं काढून घेतलं आणि स्वतः कापलं, बारीक बारीक, नक्षी वळखू येणार न्हाय इतकं बारीक. फौंड्रीतला पोरगा, आटवायचं त्येला चांगलं येतंय. मळ निघायला टाकणखार टाकला. चांदी आधी काळी पडली, मग एकदम आरशागत झाली. साच्यात वतली.

शेटनी लगड फडक्यात गुंडाळून घेतली. वजन बघा म्हटलं तर बघितलं न्हाय. जाताना वैनीला हात जोडले, मला न्हाय.

कडोलीला बातमी गेली. गुंडूचा फोन आला. म्हणाला, तू मेलेल्या भावाला फसविलीस, घाटावर बोलून माघारी फिरलीस, आमच्यात असं कोण केलेलं न्हाय. मी म्हटलं, फसविलं असंल. पण त्येच्या डब्यावर दुसऱ्याचा शिक्का मारला न्हाय. गुंडू म्हणाला, शिक्क्याचं कावळ्याला काय सांगतीस. मी फोन ठेवला. भटजीला इचारलं तर म्हणाले शांती करून घ्या. करून घेतली. मनाला काय फरक पडला न्हाय.

कवा कवा वाटतं शेटला तसाच दिला असता तर डबा तरी जगात कुठंतरी ऱ्हायला असता. शिक्का खोटा, पण पानं अण्णाची, पाखरं अण्णाची. आता काय? आता फोटोसुद्धा न्हाय, त्या दिवशी मोबाईल काढायचं कुणाच्या ध्यानात आलं न्हाय. वैनीला हे बोलले तर ती म्हणाली, परत असलं बोलू नको. कडक बोलली. तिला पक्कं ठावं हाय, मला न्हाय.

किशन कामाला जातो, येतो, जेवतो. माझ्याशी कामापुरतं बोलतो. काल जेवताना ताटाकडं बघतच म्हणाला, वर्षश्राद्धाला घाटावर आत्तीनं येऊ नये, तिच्या शब्दाला आता किंमत ऱ्हायली न्हाय, आप्पाला परत त्रास नको. वैनी म्हणाली, ती न्हाय तर मीबी न्हाय. किशन ताट सोडून उठला.

अजून काय ठरलं न्हाय.